धनेश हो म्हणाला

परदेशी शहरातल्या पाया लेबार भागात, एका मॉलमध्ये, सरकत्या जिन्याच्या पाठीमागे, कपडे आखूड-लांब करून देणारं एक दुकान आहे. दोन मशिनं, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकाला उभं करायला एक बुटकं स्टूल, एवढ्यातच ते संपतं. दुकान जयवंतीचं नाही. ती तिथे नोकरीला आहे. पण येणारा माणूस दारातूनच विचारतो, "आंटी आहे का?" आणि आंटी नसेल तर पिशवी घेऊन परत जातो.

जयवंतीची माप घ्यायची रीत वेगळी. टेप गळ्यातच राहते, पहिली तिची नजर फिरते. माणसाला स्टुलावर उभं करायचं. हात वर करायला सांगायचे. खोल श्वास घ्यायला लावायचा. मग एकेक पाय उचलायला सांगायचा. एवढ्यात तिला कळतं की याचा डावा खांदा उतरलाय, हिचा गुडघा धरलाय, आणि हा कंबर चौतीस सांगतोय पण आहे सदतीस. माणगावच्या बाजारात तिचे वडील मशीन मांडून बसायचे, त्यांचं हे शिक्षण. ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाला विचारू नये, गिऱ्हाइकाकडे बघावं." शाळा तिची नववीत सुटली. ही शाळा सुटली नाही.

तिचा नवरा रघुवीर जहाजावर चीफ इंजिनिअर. वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्याच शहरात, पुंगोलला, बाराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. खालून एलआरटीचे, छोट्या शहरी रेल्वेचे, दोन डबे खेळण्यासारखे जातात. धाकटी ईशा चौदा वर्षांची, मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. आणि थोरला धनेश, तेविसाचा, बापाच्या पावलावर पाऊल ठेवून गेल्या ऑगस्टात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढलेला.

या धनेशचं एक सांगायला हवं. त्याला जन्मापासून एकच शब्द येतो की काय, असं वाटावं. भूक लागली? नाही. थंडी वाजते? नाही. कुणी काही बोललं? नाही. सात वर्षांचा असताना बिल्डिंगखालच्या झोपाळ्यावरून पडला आणि दोन दिवस डाव्या हाताने वरणभात खात राहिला. "दुखतंय का रे?" "नाही." तिसऱ्या दिवशी जयवंतीने त्याला शर्ट घालायला दिला आणि बाही घालताना त्याचा खांदा कसा वळतो ते पाहिलं. मनगट मोडलं होतं. त्या दिवसापासून तिने मुलाला विचारणं जवळजवळ सोडलं. ती नुसती बघायची. पण समोर असलेल्या माणसाकडे बघता येतं. एकोणीस हजार किलोमीटरवरच्या माणसाकडे कसं बघायचं?

कारण धनेश आता तेवढ्या लांब होता. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश, त्याच्या किनाऱ्यावरचं कार्ताहेना हे बंदर. तिथे डिसेंबरच्या पंधरा तारखेला त्याच्या पोटात कळ आली, अपेंडिक्स निघालं, घाईने ऑपरेशन झालं. जहाज थांबत नसतं. जहाज गेलं, धनेश राहिला. हॉस्पिटलातून बावीस तारखेला त्याला हॉटेलवर हलवलं. सव्वीस तारखेला डॉक्टर पुन्हा तपासणार, विमानात बसायला हरकत नाही असा कागद देणार, मग तो घरी येणार. तोवर त्याला बघायला होती मारिएला. बंदरावरच्या एजंटच्या ऑफिसातली ही मुलगी, आजारी खलाशांची सगळी उठाठेव तिच्याकडे.

रघुवीर तेव्हा पॅसिफिकच्या मध्यावर होता. दिवसातून एक निरोप यायचा, एक जायचा. तो लिहायचा, "काळजी करू नकोस, अपेंडिक्स म्हणजे आता काही नाही." जयवंती वाचायची आणि मनात म्हणायची, तुझ्या इंजिनाचा नट आहे का तो?

दहा दिवस तिचा जीव टांगणीला होता. मशीनवर बसली की टाका घालताना हात थबकायचा. माझ्या पोराच्या पोटावरही असेच टाके आहेत, कुणी घातले, किती दाट घातले, गाठ नीट मारली का? रोज सकाळी ती फोन करायची. रोज एकच प्रश्न, रोज एकच उत्तर.

"टाके दुखतायत का?"

"नाही."

मात्र एक गोष्ट तो हौसेने सांगायचा. तिथला नाताळ. सोळा तारखेपासून नऊ दिवस रोज संध्याकाळी ते लोक जमतात, बाळ येशूच्या गोठ्यासमोर प्रार्थना म्हणतात, खुळखुळे वाजवून गाणी गातात. नवरात्रासारखं, नऊच दिवस. हॉस्पिटलात नर्ससुद्धा खुळखुळे घेऊन वॉर्डात फिरायच्या. चीज घालून तळलेले गोल वडे, दुधाची दालचिनी घातलेली घट्ट वडी, खरवसासारखी कापून खायची. आणि चोवीसच्या रात्री तर कुणी झोपतच नाही. बारा वाजता जेवण. "मारिएला म्हणते, नोचेबुएनाला, म्हणजे त्या रात्री, कुणी हॉटेलात एकटं जेवायचं नसतं. तिच्या आईकडे नेणार आहे मला," तो म्हणाला होता.

"जा. पण तळलेलं बेताने खा," जयवंती म्हणाली होती.

तर ती चोवीसची रात्र. इथे पंचवीस तारखेची सकाळ, नाताळची सुट्टी, नऊ वाजलेले. जयवंती तव्यावर थालीपीठ लावत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडे एवढा गोंगाट, की बाजार भरलाय म्हणावं. खुळखुळे, टाळ्या, बायकांचं मोठ्याने बोलणं.

"आई! हॅपी ख्रिसमस!"

"अरे, किती आवाज आहे! ऐकू येतंय का? जेवलास?"

"हो."

"झोप झाली?"

"हो."

"टाके दुखतायत का?"

"हो."

जयवंतीच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालास? दुखतायत?"

"हो, आई."

"ताप आहे?"

क्षणभर तो थांबला. मग म्हणाला, "हो."

"अरे देवा. डॉक्टरला सांगितलंस?"

"हो."

"मग? काय म्हणाले? पुन्हा... पुन्हा उघडायचं म्हणतात का?"

"हो."

"धनेश," तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "बाळा, तू घाबरलायस का?"

"हो," तो म्हणाला. मागे एकदम हशा उठला, कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं, आणि फोन बंद झाला.

थालीपीठ करपलं. ईशा आतून आली तेव्हा आई ओट्याला धरून उभी होती.

"मम्मी, समथिंग बर्निंग!"

"दादाला ताप आहे. तो हो म्हणाला. ईशा, तो हो म्हणाला!"

ईशालाही त्याचा अर्थ कळला. तिने पटकन गॅस बंद केला. दादाने हो म्हणणं म्हणजे काय, ते या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. तिने उलट फोन लावला. वाजत राहिला. मारिएलाचा लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. कुणी उचलेना.

मन चिंती ते वैरी न चिंती. पुढच्या पाच मिनिटांत जयवंतीने सगळं पाहून घेतलं. पोर तिथे तापाने फणफणलंय, भोवती लोक हसतायत, गातायत, कुणाला त्याची भाषा कळत नाही. तिने कपाटातून पासपोर्ट काढले. कोलंबियाला व्हिसा लागतो का, किती विमानं बदलावी लागतात, हे तिला काहीच ठाऊक नव्हतं. पासपोर्ट हातात असला की बरं वाटलं, एवढंच. मग तिने तांजोंग पगारच्या कंपनी ऑफिसातल्या हेमचंद्रांना फोन लावला. खलाशांची नेमणूक आणि आजारपणं तेच बघत. सुट्टीच्या दिवशीचा फोनही त्यांच्याचकडे होता. रघुवीरबरोबर एके काळी जहाजावर होते, म्हणून तिला वहिनी म्हणत.

"वहिनी, आधी बसा. पाणी प्या," ते म्हणाले. "तिथे आत्ता रात्रीचे आठ, तेही नोचेबुएना. देश बंद असतो हो. पण मी बघतो. माझ्याकडे मारिएलाच्या घरचा नंबर आहे."

जयवंती बसली नाही. गॅलरीत गेली, आत आली. खाली एलआरटी गेली, तिच्यात लाल टोप्या घातलेली मुलं होती. ईशा इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून म्हणाली, "मम्मी, ही विल बी ओके लाह." तिचाही आवाज पातळ झाला होता.

चाळीस मिनिटांनी फोन आला. हेमचंद्रांना बोलता येत नव्हतं, इतकं हसू येत होतं.

"वहिनी! अहो, तुमचं पोरगं खेळतंय!"

"खेळतंय म्हणजे?"

"खेळ आहे तो त्यांचा. नाताळाचा. दोघांनी पैज लावायची, एकाने दिवसभर फक्त हो म्हणायचं, दुसऱ्याने फक्त नाही. वाट्टेल ते विचारा. जो चुकेल तो हरला, त्याने भेट द्यायची. धनेशने मारिएलाच्या आईशी लावलीय. त्याच्या वाट्याला आला हो."

"पण माझ्याशी तो मराठीत बोलत होता! तिला काय कळणार?"

"तीच तर गंमत आहे. त्यांच्या भाषेत नाहीला नो म्हणतात. म्हातारी म्हणाली, मला तुझी भाषा येत नाही, तेव्हा न हे अक्षर तोंडातून निघालं की हरलास. आता आपलं मराठी बघा. नाही, नको, नसेल, ना! सगळं नचंच. बिचारा काय बोलणार? वर त्या बाईने फोन स्पीकरवर ठेवायला लावलेला. नंतर तो तुम्हाला कळवणारच होता, पण शेवटच्या दिवसाची प्रार्थना सुरू झाली. प्रार्थनेला सगळ्यांचे फोन म्हातारी टोपलीत जमा करते."

जयवंती आता खुर्चीत बसली. आधी डोळ्यांत पाणी आलं, मग हसू आलं, मग राग आला, आणि तिन्ही एकदमच येत राहिली.

"मेल्याला येऊ दे घरी," ती म्हणाली. "कान उपटते की नाही बघा."

"हो म्हणेल तो त्यालाही," हेमचंद्र म्हणाले, आणि पुन्हा हसायला लागले.

ईशाने नवीन थालीपीठ लावलं, वेडंवाकडं. दोघींनी खाल्लं. दहा दिवसांत पहिल्यांदा जयवंतीला घासाची चव लागली. तेवढ्यात मारिएलाने फोटो पाठवला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: माफ करा काकू, आई फार कडक आहे.

फोटोत घरभर माणसं होती. भिंतीशी मांडलेला गोठा, शेवाळाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं, त्यावर टाचणीएवढी बदकं. मधोमध खुर्चीत मारिएलाची आई, दोन्या रोसाल्बा. दोन्या म्हणजे तिकडे बाई म्हणावं तसं. ताठ मानेची, पांढऱ्या केसांत तांबडं फूल खोवलेली. आणि तिच्या मागे धनेश, हसणारा. अंगात पिवळसर शर्ट, जयवंतीनेच शिवून दिलेला.

"सी? ही इज सो हॅपी," ईशा म्हणाली.

जयवंती बघत राहिली. चेहरा तिने पाहिला तो एकदाच. चेहरे फोटोसाठी हसतात. मग तिची नजर खाली उतरली, सवयीने, शर्टावर. बटणांची पट्टी. ती तिने स्वतः धाग्याने आखून सरळ बसवली होती. फोटोत ती गळ्यापासून निघून उजवीकडे तिरकी गेली होती. उजव्या कुशीला कापड चुण्या घालून गोळा झालं होतं, डावीकडे ताणलं होतं. म्हणजे शर्ट वाकडा नव्हता, आतलं अंग वाकलं होतं. आणि उजव्या हाताचा अंगठा पँटच्या पट्ट्यात. ऐटीत घालतात तसा आत सोडलेला नाही. पट्टा बोटभर पुढे ओढून धरलेला. कापड अंगाला लागू नये म्हणून माणूस धरतो तसा.

"ईशा, हा फोटो मोठा कर."

"अगेन? मम्मी, ही इज जस्ट पोझिंग लाह."

"मोठा कर म्हणते ना."

मोठा केल्यावर दुसरं काही दिसलं नाही, तेच मोठं दिसलं. जयवंतीची भीती परत आली. पण आता भीतीच्या जोडीला लाजही होती. आत्ताच तर सगळ्या जगाला धावायला लावलं. आता पुन्हा काय सांगायचं, शर्टाला चुण्या पडल्या म्हणून? तिने तरी हेमचंद्रांना फोन केला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, रागावू नका. तुम्ही दहा दिवस झोपला नाहीत. आता तिथे परवा, सव्वीसला डॉक्टर बघणारच आहेत. आज रात्री त्या लोकांचा सगळ्यात मोठा सण आहे. त्यांच्या घरातून पुन्हा पेशंट उठवायचा म्हणजे... एकदा झालं ना आत्ताच."

"झालं," ती म्हणाली. "तुमचंही खरं आहे."

फोन ठेवून ती मशीनसमोर जाऊन बसली. घरातलं जुनं मशीन, खिडकीशी. पायाखालची पट्टी उगाच हलवत राहिली. सुई वरखाली होत होती, खाली कापड नव्हतं. हेमचंद्र शहाणा माणूस. त्याचं बरोबर असेल. आईचं मन म्हणजे कातरीसारखं, उघडलं की काहीतरी कापणारच. पण ते पाच होकार तिच्या कानातून जाईनात. दुखतंय, हो. ताप, हो. डॉक्टरला सांगितलं, हो. पुन्हा उघडायचं, हो. घाबरलोय, हो. खेळात सगळेच खोटे, हे कबूल. पण खेळ लावायच्या आधी माणूस जसा असतो तसाच तो खेळात असतो. दुखत असतं तरी तो होच म्हणाला असता. म्हणजे या पाचांत एखादा खरा असला तर तो ओळखायचा कसा? विचारून तर कळणार नव्हतं. आज नाही, आणि धनेशच्या बाबतीत कधीच नाही.

ती उठली.

"ईशा, मारिएलाला व्हिडिओ लाव."

"मम्मी, दे आर हॅविंग अ पार्टी..."

"लाव."

इथे पावणेअकरा, तिथे पावणेदहा. या वेळी लगेच उचलला. मारिएलाचा घामेजलेला हसरा चेहरा, मग पूर्ण खोली. टेबलावर केळीसारख्या पानांत बांधलेल्या भाताच्या पुड्या रचलेल्या. उघड्या दारातून वारा येत होता, गोठ्यावरची दिव्यांची माळ हलत होती. पाचसात लहान मुलं पडद्यात डोकावली आणि ओरडली, "धानेस! तुझी आई!" भाषा कळायची गरज नव्हती.

"आई, सॉरी," धनेश पुढे आला. "तू फार घाबरलीस का?"

"ते असू दे. बरा आहेस?"

"हो," तो म्हणाला, आणि डोळे मिचकावले. खेळ चालूच होता. दोन्या रोसाल्बा खुर्चीत पुढे सरकून कान देऊन बसली होती.

"मी आज काही विचारणार नाही," जयवंती म्हणाली. "माझं काम वेगळं आहे. हा शर्ट तुला नीट बसलेला नाही. माप घ्यायचंय."

"आत्ता?"

"आत्ता. फोन मारिएलाकडे दे. चार पावलं मागे जा. सरळ उभा राहा."

तो हसत मागे गेला. घरातल्या बायकांना वाटलं, हाही भारतातला काही नाताळाचा खेळ असेल. त्या सरकून जागा करू लागल्या. ईशा इंग्रजीत सांगत होती, मारिएला स्पॅनिशमध्ये सांगत होती, आणि सगळं घर त्या पोराकडे बघत होतं.

"पट्ट्यातला हात काढ."

त्याने काढला.

"दोन्ही हात वर. अगदी वर, छताला लाव."

डावा हात सरळ गेला. उजवा कानापर्यंत गेला आणि थांबला.

"श्वास घे. पोटातून. अजून."

छाती हलली. पोट हललं नाही. जयवंतीला ते इथून दिसलं, पुंगोलच्या खिडकीशी बसून, तळहाताएवढ्या पडद्यावर. पण तिचा आवाज दुकानातला होता, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा.

"डावा पाय उचल, गुडघा वर. छान. ठेव. आता उजवा."

धनेशने बाजूच्या खुर्चीची पाठ धरली.

"खुर्ची सोड. उजवा पाय."

"आई, शर्टाला पाय कशाला लागतो?"

"उचल रे, बाळा."

त्याने उचलला. वीतभर. मग त्याच्या तोंडाचा रंग गेला आणि शब्द आपोआप बाहेर पडला. "नाही! नाही होत, आई. नाही होत."

"मिस आगिनाल्दोस!" एक चिमुरडी आनंदाने किंचाळली. माझी नाताळाची भेट दे, तू हरलास, असं ओरडायचं असतं तिकडे. बाकीची मुलंही ओरडली, खुळखुळे वाजले.

दोन्या रोसाल्बा ओरडली नाही. पैज तिने जिंकली होती, पण ती खुर्चीतून उठली, एका हाताने मुलांना गप्प केलं, आणि दुसऱ्या हाताची पाठ धनेशच्या कपाळाला लावली. मग मानेला. मग कॉलरमधून आत, पाठीवर, जसं आपल्याकडच्या बायका तान्ह्याचं अंग बघतात. तिने वळून फोनकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हणाली.

"फिएब्रे."

"फीवर," ईशा पुटपुटली.

कोलंबियातल्या त्या घरात पुढे काय झालं ते जयवंतीला तुकड्यातुकड्यांनीच कळलं. मारिएलाच्या भावाने गाडी काढली. धनेश म्हणत होता, काही नाही, दोनच दिवस झाले थोडं गरम वाटतंय, सव्वीसला सांगणारच होतो, तुमचा सण कशाला मोडता. म्हाताऱ्या बाईने त्याचं ऐकलं नाही. तिने डोक्यातलं फूल काढून ठेवलं, पायात चप्पल सरकवली आणि त्याच्या शेजारी गाडीत जाऊन बसली. भाताच्या पुड्या टेबलावर तशाच राहिल्या.

मग काही नाही. फोन गप्प. जयवंतीने देवापाशी दिवा लावला. नवस बोलायला गेली तर शब्द सापडेनात. नुसतीच हात जोडून उभी राहिली. आपण आणखी दोन दिवस थांबलो असतो तर, हा विचार येई, आणि ती तो दारातूनच परतवी. ईशा आज हेडफोन न लावता आईला चिकटून बसली होती.

"मम्मी, तुला कसं कळलं?" मुलीने मराठीत विचारलं.

"कापड कुठे अडलं ते बघायचं असतं," जयवंती म्हणाली.

साडेबारा वाजता मारिएलाचा निरोप आला. ईशाने मोठ्याने वाचला. जखमेत आतून पू झाला होता. डॉक्टरांनी दोन टाके काढून तो वाहू दिलाय, सलाईनमधून औषध सुरू केलंय. पुन्हा मोठं ऑपरेशन लागेल असं आज तरी वाटत नाही. पण ताप एकोणचाळीस सेल्सिअसच्या वर होता, म्हणजे आपल्याकडचे एकशे दोन. तो उतरतो का, त्यावर सगळं आहे. सव्वीसपर्यंत तसाच बसून राहिला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी यायला आता नवीन वर्ष उजाडेल.

जयवंतीने हेमचंद्रांना कळवलं. ते म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं."

"तुमचं कसलं? त्याचं चुकलं. आणि माझं. नाही म्हणायला त्याला शिकवलं कुणी, मीच ना? बाप घरी नसताना मी कधी रडले नाही त्याच्यासमोर. तेच बघून शिकला."

हे ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. बोलून गेल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं.

एकला पाच मिनिटं कमी असताना व्हिडिओ आला. हॉस्पिटलची खोली, पांढरी चादर, धनेश उशीला टेकलेला, डोळे जड, ओठ सुकलेले. हातात सलाईनची सुई. पलंगाशी प्लास्टिकच्या खुर्चीत दोन्या रोसाल्बा, मांडीवर पर्स.

"आई," धनेश म्हणाला. "दुखतंय गं."

"माहीत आहे," जयवंती म्हणाली. "बोलू नकोस. पड."

"मारिएला म्हणते, तिची आई घरी जायला तयार नाही. बारा वाजता सगळ्यांनी घरी असायचं असतं. मी म्हटलं तिला, जा."

म्हातारीने काहीतरी सांगितलं, मारिएलाने इंग्रजीत केलं, ईशाने मराठीत आणायचा प्रयत्न केला. "ती म्हणते... घर म्हणजे जिथे आजारी माणूस आहे तिथे. समथिंग लाइक दॅट."

तेवढ्यात बाहेर आवाज सुरू झाले. आधी एक घंटा, मग अनेक, मग फटाके. खिडकीची काच लाल-हिरवी होऊ लागली. कॉरिडॉरमध्ये नर्स एकमेकींना मिठ्या मारत होत्या. तिथे नाताळ लागला. इथे पुंगोलला भर दुपार, ऊन गॅलरीत आलेलं.

दोन्या रोसाल्बाने पर्स उघडली. तिच्यातून हातरुमाल काढला, हातरुमालाच्या घडीतून मातीचं एक बाळ काढलं, करंगळीएवढं, एका हाताचा टवका उडालेलं. मारिएलाने सांगितलं, गोठ्यात हे बाळ आधी ठेवत नाहीत. बाराच्या ठोक्याला घरातली सगळ्यात मोठी बाई ते ठेवते. आईने चाळीस वर्षं ठेवलंय. निघताना तिने ते उचलून बरोबर घेतलं. तिकडे घरी गोठा रिकामाच आहे.

म्हातारीने पलंगाजवळच्या टेबलावर जागा केली. औषधाची बाटली मागे सारली, पाण्याचा पेला बाजूला केला, कापसाचा एक बोळा घेऊन पसरला, आणि त्यावर बाळ ठेवलं. क्रॉस केला. मग कॅमेऱ्याकडे बघून, जयवंतीकडे बघून, मान हलवली. एका घरातल्या मोठ्या बाईने दुसऱ्या घरातल्या मोठ्या बाईला हलवावी तशी. जयवंतीने पदर नसतानाही खांद्याशी हात नेला आणि नमस्कार केला.

नर्स आली. तिने धनेशच्या काखेत थर्मामीटर लावलं. फटाके वाजतच होते.

"किती?" जयवंतीने विचारलं.

"थर्टी-एट पॉइंट फोर," ईशाने ऐकून सांगितलं. "मघाशी थर्टी-नाइन होता."

"म्हणजे उतरतोय?"

"नर्स म्हणते, बहुतेक. अजून एका तासाने बघू म्हणते."

धनेशचा डोळा लागला होता. म्हातारी चादर सारखी करत होती. जयवंतीने घड्याळ बघितलं, आणि फोन बंद न करता समोर उभा करून ठेवला, म्हणजे त्याच्या श्वासाबरोबर चादर वरखाली होताना दिसत राहील.